‘जाते’ म्हणणारी पाहुणी

त्या दिवसांत माझं देवाशी फारसं बरं नव्हतं. भांडण म्हणावं असं काही झालं नव्हतं. सकाळी दिवा लावत होते, पण नळाला पाणी आलं की पिंप भरून ठेवावं, तितक्याच मनाने. घरात दोन लेकरं आजारी असली की हात जोडायलासुद्धा हात मोकळे नसतात. थोरली रेवा तेव्हा पहिलीत होती. तिच्या वर्गात कांजिण्यांची साथ आली आणि आमच्या बाईसाहेब सगळ्यांच्या आधी अंगभर फोड घेऊन घरी आल्या. तिचे फोड सुकायला लागले, मी जरा श्वास घेतला, तोच धाकट्या केदारच्या पाठीवर पहिला दाणा दिसला. अडीच वर्षांचा जीव. त्याच्या तर तोंडात, पापण्यांवर, बोटांच्या बेचक्यांत, कुठे म्हणून जागा उरली नाही. रात्रंदिवस तो माझ्या खांद्यावर होता, आणि खाली ठेवला की असा रडायचा की गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल.

आमचे हे श्रीपूरला साखर कारखान्यात केमिस्ट आहेत. गळीत हंगाम चालू असला की तिकडेच राहतात, सुट्टीला येऊन जातात. पण त्यांना लहानपणी कांजिण्या झालेल्या नाहीत, आणि मोठ्या माणसाला झाल्या तर फार भोगावं लागतं, म्हणून डॉक्टरांनीच त्यांना घरी यायची बंदी घातली. रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करून विचारायचे, “काय म्हणतात माझे वाघ?” वाघ अंग खाजवत रडत असायचे आणि वाघिणीला सकाळपासून चहासुद्धा धड मिळालेला नसायचा. मी त्यांच्यावर चिडायचे आणि मग चिडल्याबद्दल स्वतःवर चिडायचे. मी शाळेत शिकवते. तिथली रजा वाढवून घेतली होती. घरी मदतीला येणाऱ्या बाईंना लहान बाळ होतं, त्यांना मीच नको म्हटलं.

सासूबाई वैरागला असतात. सासरे अंथरुणाला खिळलेले, त्यामुळे त्यांना येणं शक्य नव्हतं. पण फोनवरून त्यांचा पहारा कडक होता. “बाया आल्यात घरात,” त्या म्हणायच्या. कांजिण्या हा शब्द त्यांनी एकदाही उच्चारला नाही. दाराला लिंबाचा डहाळा लाव. घरात फोडणी द्यायची नाही, तेलाचा चटका पाहुणीला सोसत नाही. तू डोक्यावरून पाणी घेऊ नको, केस विंचरू नको. “आनि एक ध्यानात ठेव,” त्या शेवटी म्हणाल्या, “घरातनं कुणी निघालं की ‘ये’ म्हनायचं न्हाय. दारातल्या भाजीवाल्यालाबी न्हाय. पाहुणी बसलीया आत. तिला वाटंल, मलाच बोलावत्यात.” मी बरं म्हटलं. विज्ञान शिकवणारी बाई असले तरी सासूबाईंशी वाद घालायची ताकद त्या दिवसांत माझ्यात नव्हती, आणि खरं सांगायचं तर लिंबाचा डहाळा मी त्यांनी सांगायच्या आधीच लावला होता.

सगळं पाळलं, पण केसांचं काही केल्या सोसवेना. माझे केस कमरेपर्यंत आहेत. केदारने ओकलेलं दूध, फोडांना लावायचं गुलाबी औषध, घाम, सगळं त्यांत वाळून त्यांची जटा झाली होती. डोकं इतकं खाजायचं की रडू यायचं. मला सिनेमा नको होता, माहेर नको होतं. मला फक्त न्हायचं होतं. दार लावून, बादलीभर कढत पाण्याने, कुणी हाक न मारता. आईच्या जातीने इतकं मागायचं म्हणजे चैन, असं कुणी म्हटलं नव्हतं, पण मला स्वतःलाच तसं वाटायचं. एका सकाळी केदारने औषध माझ्या गळ्यात ओकलं, त्याच वेळी रेवाने दुधाचं पातेलं सांडलं आणि ते पुसता पुसता मी देव्हाऱ्यासमोरच फतकल मारून बसले. म्हटलं, मला दर्शन नको, चमत्कार नको. एक तास कुणीतरी माझ्या जागी बसा. अगदी याच शब्दांत म्हटलं. मोठ्याने म्हटलं, कारण रेवाने वळून पाहिलेलं मला आठवतं.

तो शुक्रवार होता. आम्ही राहतो सोलापूरच्या पूर्व भागात, आणि आमच्या गल्लीत शुक्रवारी दुपारची लाईट जाते. आजूबाजूला घरोघरी यंत्रमाग आहेत. त्यांच्या खडखडाटाची इतकी सवय झालेली असते की तो थांबला की आधी आपल्याच कानात काहीतरी बिघडलं असं वाटतं. होळी जवळ आली होती, ऊन तापायला लागलं होतं. पंखा थांबला म्हणून मी पुढचं दार सताड उघडलं. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. समोरच्या नरसव्वाआजी रोज ओट्यावर सूप मांडीत घेऊन विड्या वळत बसलेल्या असतात, त्यासुद्धा नेमक्या आत गेल्या होत्या. मी केदारला घेऊन मागे वळले आणि पुन्हा दाराकडे पाहिलं, तर उंबऱ्याबाहेर एक बाई उभी होती.

हिरवं इरकली लुगडं, डोक्यावरून पदर. वय सांगता येणार नाही. चेहरा मी पाहिला, अगदी समोरून पाहिला, पण आज आठवू जाते तर पदराच्या आत काही दिसत नाही. पाय मात्र लख्ख आठवतात. अनवाणी होते, आणि घोट्यापर्यंत ओले. बाहेर फरशीवर पाय ठेववत नव्हता, आणि ह्या बाईच्या पायांना धुळीचा कणसुद्धा नव्हता.

आता कुणी म्हणेल, अनोळखी बाईला घरात कसं घेतलंस? तर सासूबाईंनी दोन दिवस आधीच सांगितलं होतं की कुंभारीला त्यांच्या नात्यातल्या सुंदराबाई राहतात, त्यांना निरोप दिलाय, सवड झाली की येऊन दिवसभर पोरांपाशी बसतील. मी सुंदराबाईंना कधी पाहिलं नव्हतं. त्यामुळे मला शंका आलीच नाही.

“सुंदराबाई ना? या, आत या,” मी म्हटलं.

त्या हसल्या. हो म्हणाल्या नाहीत, हे मला फार नंतर लक्षात आलं. “पोरं कुटं हायत?” एवढंच विचारलं आणि आत येऊन केदारकडे हात पसरले. आजारपणात हा पोरगा स्वतःच्या बापाचा फोनवरचा चेहरा पाहूनसुद्धा रडायचा. तो गेला. तिच्या मांडीत डोकं ठेवून माठाला गाल टेकवावा तसा गप्प झाला.

“जा, न्हाऊन घे,” ती म्हणाली. “मी बसते की.”

“पण सासूबाई म्हणाल्या, डोक्यावरून घ्यायचं नाही.”

“घे म्हनते न्हवं मी.”

परवानगीची वाटच पाहत होते म्हणा ना. गॅसवर पाणी तापवलं, शिकेकाईचा डबा शोधला, न्हाणीचं दार लावलं. पहिला तांब्या डोक्यावर ओतला तेव्हा मला रडू कोसळलं. किती दिवसांनी मी एकटी होते. केसांतून पाणी गढूळ होऊन वाहत होतं, मी घासत होते, पुन्हा ओतत होते. बाहेर लाईट नसल्याने सगळं चिडीचूप, त्यामुळे बाहेरच्या खोलीतलं मला स्वच्छ ऐकू येत होतं. केदार हसत होता. त्या बाईचा आवाज मात्र एकदाही आला नाही, मुलांचेच आवाज. मध्येच रेवा म्हणाली, “आई, परत सांग ना.” मी आतून ओरडले, “काय गं?” उत्तर आलं नाही. ती पुन्हा लाडाने म्हणाली, “आई, अजून एकदाच,” आणि दोघं खिदळली. माझ्या अंगावर पाणी होतं तरी क्षणभर काटा आला. मग म्हटलं, खेळत असतील काहीतरी.

न्हाऊन मी मागच्या अंगणात धुण्याच्या दगडावर केस सोडून बसले. पाच मिनिटं, असं ठरवून बसले. भिंतीला डोकं टेकलं आणि मेल्यासारखी झोप लागली. जाग आली ती मागांच्या खडखडाटाने. लाईट आली होती. उन्हाचा पट्टा अंगण ओलांडून पार पलीकडच्या भिंतीवर चढला होता. धावत आत गेले, तर दोन्ही मुलं शेजारी शेजारी शांत झोपलेली, अंग गार, आणि ती बाई उंबऱ्याशी बसलेली. बाहेरच्या खोलीची फरशी दारापासून मुलांच्या गादीपर्यंत ओलसर होती. मला वाटलं, तिने पुसून काढली असावी.

चहा ठेवते म्हटलं तर म्हणाली, “गरम नगं. कालचं काय हाय?” शिळी भाकरी होती आणि दही होतं. मला लाज वाटली, पण तिने तेच मागून घेतलं आणि उंबऱ्याशीच बसून चवीने खाल्लं. मग उठली, पदर सारखा केला आणि म्हणाली, “जाते मी.”

इथे मी जे बोलले, ते मी बोलले नाही, माझ्या जिभेला लागलेलं वळण बोललं. आपल्याकडे निघताना कुणी ‘जाते’ म्हणत नाही. लहानपणी चुकून म्हटलं की आई तोंडावर हात मारायची. मी पटकन म्हणून गेले, “अहो, जाते काय म्हणता? येते म्हणावं. परत या हं!”

ती उंबऱ्याबाहेर एक पाय टाकून थांबली. वळली नाही.

“बोलावतीस?”

“म्हणजे काय! या की.”

“बरं,” ती म्हणाली आणि गेली. मला तेव्हासुद्धा काही लक्षात आलं नाही. मी केस विंचरत, गुणगुणत ताटली उचलली.

संध्याकाळी नरसव्वाआजींनी समोरून हाक मारली. आजींचं घराणं तेलुगू, मराठी बोलतात ती त्यांच्या चालीवर. म्हणाल्या, “काय गं पोरी, घरात देवी आहे आणि दुपारभर केस सोडून दारात बसती? मी विड्या वळत सगळं बघत होते. दोनदा हाक मारली. मान पण वर केली नाही.”

मी हसले. म्हटलं, “आजी, मी नव्हते. मी मागे झोपले होते. पाहुण्या आल्या होत्या आमच्या.”

“कुठली पाहुणी?” आजींचे हात थांबले. “तू होती की. जांभळा गाऊन घातलेली. पोराला मांडीवर घेतलं होतं. केसातून पाणी गळत होतं, मला दिसत होतं ना इथून.”

मी घरात आले आणि रेवाला जवळ घेऊन सहज विचारल्यासारखं विचारलं, दुपारच्या आजी आवडल्या का? ती चित्र रंगवत होती. “कुठल्या आजी?” म्हणाली. “तूच तर होतीस. तू गोष्ट सांगितलीस ना.” मग रंगवता रंगवता म्हणाली, “आई, तुझे हात किती गार होते. मला आवडले.” कसली गोष्ट, असं विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. विचारलं नाही.

तेवढ्यात सासूबाईंचा फोन आला. सुंदराचा पाय मुरगळलाय, ती काही येत नाही, तू वाट बघू नको, हे सांगायला त्यांनी केला होता. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, “निघताना काय म्हनली ती?”

“जाते म्हणाली.”

“मग तू?”

मी सांगितलं. त्या म्हणाल्या, “आपनहून चालली हुती गं ती. तूच बोलावलीस.” त्यांच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं.

पुढचा आठवडा मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. केदारचे फोड सुकत होते, खपल्या धरत होत्या, तो पुन्हा खोड्या करायला लागला होता. दर तासाला मी त्याच्या अंगाला हात लावून बघायची. दुपार झाली की पुढच्या दाराला कडी आणि वरून बोल्ट. उकाड्याने जीव गेला तरी चालेल, पण दार उघडायची नाही. न्हाणीत गेले तरी दार अर्धवट उघडं ठेवून. आरशात पाहायचं टाळायची. का ते सांगता येत नाही, आपला चेहरा आपल्या आधी तिथे असेल असं काहीतरी वाटायचं. देव्हाऱ्यापुढे बसून म्हणायची, माझ्या तोंडून चुकून गेलं, तुम्ही मोठ्या आहात, मनावर घेऊ नका. दही-भाकरी काय, रोज नैवेद्य दाखवीन, पण पुन्हा येऊ नका. माझं लेकरू मला राहू द्या. आयुष्यात मी इतकं कळवळून कधी काही मागितलं नव्हतं.

मग पुढचा शुक्रवार आला. त्या दिवशी केदार सकाळी जरा किरकिरला, एकदा ओकला आणि झोपला तो झोपलाच. इतके दिवस ज्या पोराला झोप नव्हती, ते शांत झोपलंय, हे पाहून मला बरंच वाटलं. म्हटलं, आजाराची झोप भरून काढतोय. रेवा त्याच्या शेजारी चित्र काढत बसली होती. मी स्वयंपाक उरकला, ओटा पुसला आणि स्वतःसाठी आल्याचा चहा केला. पहिला घोट घेतला आणि लाईट गेली. एकेक करून गल्लीतले माग थांबले.

आधी वास आला. वर्षानुवर्षं न उपसलेल्या आडाचं झाकण काढावं, तसा गार, शेवाळी वास. मी कप हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी आले. पुढच्या दाराची कडी लावलेली होती, बोल्टही होता. केदारच्या गादीशी, माझ्याकडे पाठ करून, कुणीतरी बसलं होतं. अंगात जांभळा गाऊन, खांद्याशी उसवलेला, मी सेफ्टी पिन लावलेला. तोच गाऊन आत्ता माझ्या अंगात होता. कमरेपर्यंत केस मोकळे, आणि त्यांतून पाणी फरशीवर ठिबकत होतं. माझे केस कोरडे होते, वर गुंडाळून बांधलेले. केदारचं डोकं तिच्या मांडीवर होतं. रेवा दोन हातांवर बसून रंगवत होती, जणू शेजारी आईच आहे. मी माझ्या हातातल्या कपाकडे पाहिलं. कप गरम होता. म्हणजे मी इथे होते.

ती वळली नाही. तिने फक्त केदारचा हात उचलून धरला आणि सोडला. तो हात गादीवर पडला तसाच पडून राहिला.

“उटीव ह्याला,” ती म्हणाली.

कप फुटल्याचा आवाज मी ऐकला. पुढच्या क्षणी मी गादीशी होते आणि तिथे कुणी नव्हतं. फरशी ओली होती. रेवाने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. “आई, तू आत कधी गेलीस?” तिने विचारलं.

केदार उठत नव्हता. हाका मारल्या, गालावर चापट मारली, पाणी शिंपडलं. डोळे अर्धवट उघडे, बुबुळं वर गेलेली, मान लुळी. अंग तापलेलं होतं. मी त्याला उचलून बोल्ट काढला आणि गल्लीत येऊन किंचाळले. नरसव्वाआजी उठल्या तशा मांडीतलं सूप उलटं झालं, विड्या सगळ्या ओट्यावर पसरल्या. कोपऱ्यावरची रिक्षा त्यांनीच ओरडून बोलावली आणि रेवाला कडेवर घेतलं. रिक्षावाल्या चाचांनी पोराकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, “बैठो बाजी, डरो नक्को, अब्बी पोंचाताऊं.” वाटेत मी काय काय बडबडत होते ते आठवत नाही. एवढंच आठवतं की मी सारखी त्याचा हात उचलून बघत होते.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी त्याला लगेच आत घेतलं. कांजिण्यांनंतर क्वचित कुणाच्या मेंदूला सूज येते, तसं झालं होतं. पुढे त्याला आराम पडायला लागल्यावर त्या मला म्हणाल्या, “शहाण्यासारखं केलंत. बहुतेक आया म्हणतात, झोपलाय तर झोपू दे. संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर...” मी तरी काय करत होते? मी चहा पीत होते. झोपलाय तर झोपू दे, हेच म्हणत होते.

आमचे हे कारखान्यातून तसेच आले. बंदी मोडून काचेबाहेर उभे राहिले आणि लहान मुलासारखे रडले. ते दिवस मी लिहीत नाही. एका सकाळी केदारने डोळे उघडले, हाताला लावलेल्या सुईकडे रागाने पाहिलं आणि “चहा-बिस्किट” म्हणाला. नर्ससुद्धा हसली.

त्या बाकावर बसल्या बसल्या माझ्या मनात एकच गोष्ट फिरत होती. आठवडाभर मी हात जोडून विनवत होते, की येऊ नका. कडी लावली, बोल्ट लावला, नैवेद्य कबूल केला. आणि तिने माझी ती प्रार्थना ऐकली असती तर? आधीच्या शुक्रवारी जिभेच्या वळणाने जे बोलावणं गेलं, तेवढंच तिने खरं धरलं. त्यानंतरचं माझं सगळं शहाणपण तिने कानाआड केलं. मी देवापाशी माझ्या जागी बसायला कुणीतरी मागितलं होतं, आणि जे आलं त्याला घाबरून दार लावलं होतं. मैत्रिणी म्हणतात, तुला कित्येक रात्रींची झोप नव्हती, तुझ्याच मनाने तुला जागं केलं. असेलही. नरसव्वाआजी मात्र अजून तेच सांगतात, आणि त्यांची तर रोज झोप पुरी होते.

केदार घरी आल्यावर सासूबाई एका दिवसासाठी आल्या. पाहुणीची पाठवणी करायची होती. गार दहीभात कालवला, हळदकुंकू घेतलं, हिरव्या बांगड्या घेतल्या आणि भर दुपारी आम्ही दोघी गल्लीच्या टोकाला लिंबाखाली गेलो. नैवेद्य ठेवताना त्या माझ्या कानाशी म्हणाल्या, “आता मुकाट मागं फिरायचं. बगायचं न्हाय, आनि तोंडातनं अक्षर काडायचं न्हाय, कळलं का?” मी मान हलवली. हात जोडले. ‘या’ हा शब्द अगदी ओठांशी आला होता. तो मी बोलले नाही. ‘जा’ असंही म्हणाले नाही. डोळ्यांतून पाणी मात्र आलं, ते सासूबाईंनी पाहिलं. परतताना त्यांनी माझा हात घट्ट धरला होता. घराशी आल्यावर हळूच म्हणाल्या, “आपन बोलावलं म्हनून येती व्हय ती? तिला जवा यायचं तवा येती. पोरास बगितलं तिनं, बास झालं की.”

या गोष्टीला आता वर्ष होत आलंय. केदारच्या कपाळावर एक व्रण राहिलाय, तेवढाच. मी पूर्वीसारखीच चिडते, ओरडते, दमते. एक मात्र बदललं. शुक्रवारी दुपारी मी न्हाते. पुढच्या दाराला कडी लावत नाही, नुसतं लोटून घेते. मुलांना सांगते, बाहेरच्या खोलीत खेळा. आणि न्हाणीचं दार पूर्ण लावून घेते.

गेल्या शुक्रवारीही लाईट गेली, माग थांबले. मी डोक्याला शिकेकाई लावली होती, डोळे मिटलेले होते. बाहेर केदार कशाला तरी खदखदून हसला. मग समोरच्या ओट्यावरून नरसव्वाआजींचा आवाज आला, “अगं पोरी, किती वेळ केस सोडून बसती दारात? ऊन लागेल ना!”

मी डोळे उघडले नाहीत. काळजात जे व्हायचं ते झालं, पण उठून धावले नाही. चाचपडत तांब्या शोधला, बादलीत बुडवून काठोकाठ भरला, आणि सावकाश डोक्यावर ओतला.